शहीद द्वीपावर भाचीसोबत एक दिवस : आधी ओहोटीची वेळ पाहा

निर्गुडा :

नमस्कार. मी वणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि टपाल खात्यात नोकरी करतो. या हिवाळ्यात एलटीसीवर, म्हणजे नोकरीत मिळणाऱ्या रजा-प्रवास सवलतीवर, अंदमानला जाण्याचा योग आला. सौभाग्यवतींनी गुडघ्यांचे कारण सांगून अंग काढून घेतले आणि त्यांच्या जागी माझी भाची आली. भाचीचा खर्च सवलतीत बसत नाही, तो खिशातून करावा लागला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नियम विचारणार नाही. भाची पाचवीत शिकते. तिने त्यापूर्वी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पुरात दुथडी भरून वाहणारी वर्धा नदी, आणि तेही बापाच्या खांद्यावर बसून, दुरून.

अंदमानात आम्ही सहा दिवस होतो, परंतु हा धागा त्यातील एकाच दिवसाचा आहे. शहीद द्वीप, म्हणजे डिसेंबर २०१८ पर्यंत ज्याला नील म्हणत ते बेट, सुमारे चौदा चौरस किलोमीटरचे आहे. आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढेच. लहान मुलाला घेऊन तेथे जाणाऱ्याला जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी, ती आम्हाला कुणीही सांगितली नव्हती. आमच्या प्रवासाची आखणी करणाऱ्या एजंटाने कागदावर ‘दुपारी बारा, नैसर्गिक पूल’ असे लिहून दिले होते आणि आम्ही बोटीतून उतरून, सामान टाकून, बरोबर बाराला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर हजर झालो. प्रवाळाच्या खडकाची ती कमान दुरून दिसत होती, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट पाण्याखाली होती. भाची थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मामा, आपल्या नाल्यावानी पूल बुडाला गा.”

तेथे शहाळी विकणाऱ्या एका बंगाली आजींना तिची दया आली असावी. “सुबह छे बजे आना बेटी, समुंदर हट जाएगा,” असे त्या म्हणाल्या. समुद्र बाजूला होईल ही कल्पना भाचीने रात्री झोपेपर्यंत सोडली नाही. आम्ही त्या बेटावर एक रात्र राहणार होतो म्हणून हे जमले; सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना ते जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठलो. शहीद द्वीप आणि आपला यवतमाळ जिल्हा यांच्यात रेखांशाचा सुमारे पंधरा अंशांचा फरक आहे, त्यामुळे घड्याळ तेच असले तरी सूर्य तेथे आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. मुलांना हे आधी समजावून सांगावे, नाहीतर संध्याकाळी साडेपाचला अंधार पडल्यावर ती रडकुंडीला येतात. तो दिवस संकष्टी चतुर्थीचा होता. पश्चिमेला चंद्र अजून बऱ्यापैकी वर होता, त्याच्याखाली समुद्र खरोखरच बाजूला झालेला होता, आणि काल जेथे लाटा होत्या तेथे ओल्या खडकांचे एक माळरान पसरले होते. आदल्या दिवशीची निराशा नसती तर तिला त्याचे एवढे अप्रूप वाटले नसते, असे मला वाटते.

त्या दोन तासांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते आणि प्रत्येक खळग्यात काही ना काही असते. तेथील एक वाटाड्या काठीचे टोक पाण्यात न बुडवता, नुसते वरून दाखवत पुढे चालत होता. समुद्रकाकडी पाहून भाची म्हणाली की हे तर भरताचे वांगे आहे, आणि मला ते मान्य करावे लागले. भाजून साल सुरकुतलेल्या वांग्यात आणि त्या प्राण्यात दुरून काही फरक नव्हता. परंतु तिला खिळवून ठेवले ते एका मोठ्या शिंपल्याने. तो खडकात अर्धा रुतलेला होता, त्याचे दोन्ही काठ किंचित उघडे होते आणि त्यांच्यामधून निळ्या-जांभळ्या रंगाची, नागमोडी, मखमली झालर बाहेर आली होती. वाटाड्याने तिला हात पाण्यावर धरायला सांगितले. सावली पडताच झालर आत गेली आणि काठ मिटले. मिनिटभराने ते पुन्हा हळूहळू उघडले. तिने तीनदा तसे केले, चौथ्यांदा स्वतःच हात मागे घेतला आणि म्हणाली, “जाऊ दे मामा, त्याले त्रास होत असन.”

नंतरचा दिवस भराभर गेला. भाड्याच्या सायकलींवर सीतापूरपर्यंत गेलो, वाटेत तिने केळी, सुपारी, नारळ आणि भाजीपाल्याचे वाफे पाहिले आणि येथे पऱ्हाटी का नाही असे विचारले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जमिनीत कापसाचे बोंड कसे टिकेल, हे एका बागाईतदाराने तिला फार समजूतदारपणे सांगितले. त्याचे वडील पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी होते. साठच्या दशकात अशीच कुटुंबे येथे वसवली गेली आणि आज हे बेट अंदमानचा भाजीमळा म्हणून ओळखले जाते. भरतपूरला ती गुडघाभर पाण्यात दीड तास बसली, मी सावलीत बसलो. दुपारच्या बोटीने परत निघालो.

ज्यांनी मुलांना अशा बेटावर नेले आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

पांदण :

निर्गुडाभाऊ, वर्णन वाचून नातवाला नेण्याची इच्छा झाली. एक शंका आहे. आमच्या नातवाला एसटीतच गाडी लागते, दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत दोनदा थांबावे लागते. बोटीत त्याचे काय होईल? शिवाय आम्ही शाकाहारी आहोत, तेव्हा जेवणाची काय सोय?

निर्गुडा :

पांदणकाका, भाचीलाही जाताना बोट लागली. आम्ही पुढच्या खिडकीजवळ बसण्याचा मोह धरला ही चूक झाली, कारण बोटीचे पुढचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते. परतताना मधल्या भागात, खालच्या बाजूला बसलो, तिला दूरच्या क्षितिजाकडे पाहत राहायला सांगितले आणि आलेपाकाची वडी चघळायला दिली, तेव्हा काही झाले नाही. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. आपल्या डॉक्टरांकडून वयाप्रमाणे गोळी लिहून घेतलेली बरी.

जेवणाची चिंता करू नये. खाणावळी बहुतेक बंगाली कुटुंबांच्या आहेत, भात, वरण आणि ताजी भाजी सर्वत्र मिळते. आम्ही घरून जवसाची चटणी नेली होती. तीन दिवस भात खाल्ल्यावर तिचे मोल कळले.

सातबारा :

मला थोडे वेगळे मांडायचे आहे, राग मानू नये. ऐन वेचणीच्या दिवसांत, मजूर मिळत नसताना, एका मुलीला समुद्र दाखवण्यासाठी विमानाचे तिकीट काढणे ही नोकरदाराची चैन आहे. मुलांना पाणी, पाखरे आणि चिखल दाखवायचा असेल तर नवेगावबांधचा तलाव आहे. तेथेही दिवस पुरत नाही. मी स्वतः माझ्या पुतण्यांना घेऊन गेलो आहे आणि पोरे अजून त्याच्या गोष्टी सांगतात. बेटच हवे असा हट्ट कशासाठी?

निर्गुडा :

सातबाराभाऊ, चैन आहे हे मान्य आहे. भाचीच्या वडिलांनीही नेमके हेच सांगितले होते, आणि त्यांची वेचणी खरोखर मागे पडली होती. नवेगावबांधलाही तिला नेईन. परंतु तलावाचे पाणी रोज दोनदा मागे सरकून त्याच्या पोटात काय आहे ते दाखवत नाही. आमचा तलाव मे महिन्यात आटतो तेव्हा तळाला भेगा आणि मेलेले मासे दिसतात. त्यामुळे पाणी गेले म्हणजे सर्व संपले, एवढेच तिला माहीत होते. येथे पाणी गेले आणि खाली सर्व जिवंत होते. हा फरक मला घरी बसून समजावता आला नसता. बाकी खर्चाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काळीभुई :

मी मूळची दिग्रसची, लग्नानंतर बारा वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्यामुळे भरती-ओहोटीबद्दल थोडे लिहिण्याचे धाडस करते. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही आणि विदर्भातून येणाऱ्या पाहुण्यांना कितीही सांगितले तरी ते विसरतात. माझा सख्खा भाऊ एकदा चपला गमावून बसला आहे.

भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तास बारा मिनिटांचे अंतर असते, म्हणून दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि दर दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. हे पन्नास मिनिटांचे गणित आपल्याकडच्या प्रत्येक घरात नकळत माहीत असते. चंद्रोदयही रोज साधारण तेवढाच उशिरा होतो, आणि म्हणूनच संकष्टीला उपास सोडण्यासाठी इतका वेळ ताटकळावे लागते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. खडकांतील जीव पाहायचे असतील तर भांगाचे दिवस टाळावेत.

आमच्या बाजूचे जुने लोक तिथीला पाऊणपटीने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊला ओहोटी. निर्गुडाभाऊंनी चतुर्थीला सहाच्या सुमारास ओहोटी पाहिली, यावरून लक्षात येईल की कोकणातील हिशेब अंदमानला जसाच्या तसा लागू होत नाही. प्रत्येक किनाऱ्याचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा तिथीवरून दिवस निवडावा आणि तास मात्र तेथील भरतीच्या तक्त्यावरून पाहावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाणी परत येते ते आरंभी अगदी सावकाश आणि मधल्या दोन तासांत भराभर. सहा तासांत जेवढे पाणी चढायचे असते त्यातील निम्मे पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढते. मूल खळग्यात डोकावून बसलेले असते, मोठे माणूस फोटो काढत असते, आणि किनाऱ्याकडची सखल वाट आधी भरते. ओहोटीची नीचतम वेळ होऊन तास झाला की मागे फिरावे, मूल कितीही रडले तरी. शेवाळलेल्या खडकावर साध्या चपला घालू नयेत. मागे पट्टा असलेले रबरी सँडल असावेत.

राजूरवाला :

निर्गुडाभाऊ, आपण दोघेही एकाच तालुक्यातले असल्यामुळे एक गोष्ट राहवत नाही. तुमच्या भाचीने पांढऱ्या वाळूबद्दल काही विचारले का? मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून ही चौकशी.

निर्गुडा :

विचारले ना. तिला वाटले की कुणीतरी रांगोळी सांडून ठेवली आहे. आपली काळी माती बुटाला चिकटते, ही वाळू झटकताच पडते, एवढे तिने स्वतः शोधून काढले. पुढचे मला सांगता आले नाही.

राजूरवाला :

तर पुढचे मी सांगतो, तिला वाचून दाखवा. आपली काळी माती बेसाल्ट या ज्वालामुखीच्या खडकापासून झाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर पसरले, त्यांची ती माती. शहीद द्वीपावरील पांढरी वाळू मात्र खडकाची नसून जिवांची आहे. प्रवाळांचे सांगाडे आणि शिंपले यांचा तो चुरा आहे, आणि तो करण्यात समुद्राच्या लाटांइतकाच पोपटमाशाचाही हात आहे. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्यातील खाण्याजोगे ठेवतो आणि उरलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. मुलांना हे सांगितले की वर्गात पाच मिनिटे कुणी ऐकत नाही, एवढे हसतात.

आता आपल्या गावाकडची गोष्ट. राजूरच्या चुनाभट्ट्या भाचीने येता-जाता पाहिल्या असतील. त्या भट्ट्यांत जो चुनखडक भाजतात तो पैनगंगा गटाचा खडक आहे आणि तो शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. म्हणजे ज्या जमिनीवर आज आपण तूर आणि कापूस घेतो तिच्याखाली एक समुद्र होऊन गेलेला आहे. त्या काळी शिंपले किंवा प्रवाळ अस्तित्वातच आले नव्हते, त्यामुळे त्या खडकात शंख शोधायला जाऊ नये, निराशा होईल. त्याच्या ताज्या फुटलेल्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून भिंगातून पाहिले तर बारीक बुडबुडे येताना दिसतात. बेटावरच्या वाळूवर टाकला असता तरी असेच बुडबुडे आले असते. काळ्या दगडावर येत नाहीत.

मोहफूल :

मी गडचिरोली जिल्ह्यातील. मागच्या वर्षी नातवाला घेऊन गेले होते, पण आमच्याकडे एकच मोकळा दिवस होता, म्हणून आम्ही शहीद द्वीपाऐवजी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम, त्याच्यासमोरच्या रॉस बेटावर गेलो. त्याचेही नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. बोटीला पंधरा मिनिटेसुद्धा लागत नाहीत, तेव्हा पांदणकाकांच्या नातवासाठी ते अधिक सोयीचे ठरेल.

इंग्रजांनी १८५८ पासून तेथून अंदमानचा कारभार चालवला, १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि तो कारभार संपला. आज तेथे चर्च, पाव भाजण्याची भट्टी आणि मोठ्या साहेबाचा बंगला यांच्या नुसत्या भिंती आहेत, आणि त्यांना वड-पिंपळाच्या कुळातील झाडांनी मुळ्यांनी असे कवटाळले आहे की भिंतीने झाड धरले आहे की झाडाने भिंत, ते कळत नाही. नातवाने विचारले, “आजी, झाड काढलं तं घर पडन का?” मला वाटते, पडेल. ताडोबात जिप्सीतून लांबून पाहिलेले चितळ येथे हातभर अंतरावर येऊन उभे राहतात. ते मूळचे अंदमानचे नाहीत, इंग्रजांनी आणले आणि त्यांना खाणारा कुणी नसल्यामुळे ते फोफावले. आमच्याकडे वाघ असून चितळ दिसत नाही आणि येथे वाघ नसल्यामुळे दिसते, ही गंमत नातवाच्या बरोबर लक्षात आली.

आणखी एक. निर्गुडाभाऊ, शहीद द्वीपाच्या किनाऱ्यावर तुम्ही ज्या मोठ्या झाडांच्या सावलीत बसलात, ती कोणती होती? रॉसहून परतल्यावर किनाऱ्यावरील एका झाडाला तेथील बोटवाल्याने ‘सी महुआ’ म्हटले आणि माझे कान टवकारले.

निर्गुडा :

मोहफूलताई, भरतपूरलाही एका दुकानदाराने हेच नाव सांगितले होते. मी तेव्हा त्याला थट्टा समजलो.

राजूरवाला :

थट्टा नाही. ते झाड आपल्या मोहाच्याच कुळातील आहे. चिकूही त्याच कुळातला. फक्त त्याची फुले वेचून वाळवायला कुणी पहाटे उठत नाही.

सातबारा :

शिंपल्यांचे काय? पोरांनी चार शिंपले खिशात आणले तर कुणाचे काय बिघडते? आमच्या लहानपणी पाहुणे मुंबईहून शंख आणायचे, तो अजून देवघरात आहे.

निर्गुडा :

सातबाराभाऊ, हे मी वर मुद्दाम लिहिले नव्हते, कारण त्यात माझीही चूक होती. पुलाजवळ भाचीने बोराएवढा एक शंख उचलला आणि माझ्या देखत फ्रॉकच्या खिशात टाकला. मी पाहिले आणि काही बोललो नाही. सीतापूरच्या वाटेवर ती एकदम सायकल थांबवून किंचाळली, कारण खिशात काहीतरी चालत होते. शंख रिकामा नव्हता, त्यात एक छोटा खेकडा राहत होता. हे खेकडे स्वतःचे कवच तयार करत नाहीत, गोगलगायीने सोडलेल्या शंखात शिरतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. म्हणजे रिकामा शंख नेला तरी कुणाचे तरी पुढचे घर नेले, असा त्याचा अर्थ होतो. आम्ही तीन किलोमीटर मागे गेलो. तोवर पाणी चढू लागले होते, म्हणून किनाऱ्याकडच्या एका खळग्यात तो सोडला. भाची वाटभर रडत होती. खेकड्यासाठी की शंखासाठी, हे मी विचारले नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना २००१ पासून वाघाच्याच अनुसूचीत घातले आहे. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा सामानात सापडला तर विमानतळावर काढून घेतात. आमच्यापुढच्या एका गृहस्थांची बॅग त्यासाठीच उघडली गेली आणि त्यांची मुले खाली मान घालून उभी होती.

पांदण :

सर्वांचे आभार. आम्हाला मिळालेली सुटी माघ वद्य अष्टमीच्या आसपासची आहे. काळीभुईताईंचे वाचून मनात शंका आली. त्या दिवशी जाण्यात अर्थ आहे का?

निर्गुडा :

काका, अष्टमीला तेथे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास यावी, म्हणजे वेळ नातवाच्या दृष्टीने उत्तम आहे, अंधारात उठावे लागणार नाही. परंतु भांग असल्यामुळे समुद्र आम्ही पाहिला तितका मागे जाणार नाही. किनाऱ्याजवळचे खळगे मिळतील, पुलापर्यंतची कोरडी वाट कदाचित मिळणार नाही. शक्य असेल तर सुटी तीन-चार दिवस अलीकडे घ्या. ते जमत नसेल तर तो दिवस भरतपूरला आणि सायकलीला द्या, आणि जाताना किंवा येताना मोहफूलताईंनी सांगितलेले रॉस बेट करा. तक्ता पाहून नेमका तास आधी काढून ठेवा आणि एजंटाच्या कागदावर तो स्वतःच्या हाताने लिहा.

तारीख पक्की झाली की येथे कळवावे. नातवासाठी भाचीने आपल्या वहीतील पुलाच्या चित्राचा फोटो पाठवायचे कबूल केले आहे. त्यात समुद्रकाकडी पुलापेक्षा मोठी आहे आणि तिला वांग्याचे देठही आहे.